घोषणा झालेली नाही, भाव मात्र वाढला आहे

निपाणी भागातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मोठी तंत्रज्ञान कंपनी मुंबईतील एका मनोरंजन कंपनीला आपल्यात सामावून घेणार, अशी चर्चा तीन आठवड्यांपासून सुरू आहे. या काळात मनोरंजन कंपनीचा शेअर १४० रुपयांवरून १७१ रुपयांवर आला. पुण्यात आयटी कंपनीत नोकरीला असलेले त्यांचे मेहुणे ‘आतली पक्की बातमी आहे, पंधरा दिवसांत घोषणा होईल’ असे सांगत आहेत, आणि मोबाइलवरील गटांत २०० रुपयांचा आकडा फिरतो आहे. या गृहस्थांकडे दोन वर्षांपूर्वी सरासरी १२८ रुपयांना घेतलेले ४०० शेअर आहेत. आता सौहार्द सहकारी संस्थेतील ३ लाखांची ठेव मुदतीपूर्वी मोडून आणखी शेअर घ्यावेत का, की फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या ठरावीक तारखेच्या सौद्यांत, थोडक्या रकमेत मोठा सौदा करावा, असे त्यांना विचारायचे आहे. जूनमध्ये मुलीच्या महाविद्यालयाची फी भरायची आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. दोन्ही कंपन्यांची नावे त्यांनी कळवली आहेत. अफवेला माझ्याकडून हातभार लागू नये म्हणून मी ती येथे घेत नाही.

मी १९९८ साली बेळगावात एका सब-ब्रोकरच्या कार्यालयात कागदी शेअरच्या हस्तांतरणाचे अर्ज भरण्यापासून या व्यवसायाला सुरुवात केली आणि आता सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करतो. विलीनीकरणाच्या बातमीवर शेअर घ्यावा का, हा प्रश्न इतक्या वर्षांत अनेकांनी अनेक कंपन्यांच्या नावाने विचारला. विचारणाऱ्याला वाटते की प्रश्न ‘बातमी खरी की खोटी’ एवढाच आहे. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: बातमी खरी ठरण्याच्या शक्यतेची जी किंमत बाजाराने आधीच भावात धरली आहे, ती देण्याजोगी आहे का, आणि बातमी खोटी ठरली तर तुम्हाला बाहेर पडता येईल का?

आपल्या मार्केट यार्डातल्या रताळ्यांचे उदाहरण घेऊ. उपवासाचे दिवस जवळ आले की बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील रताळी उत्तरेकडे जातात. दिल्लीहून मोठी मागणी येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी यार्डातला भाव चढतो. ज्याच्या शेतातली रताळी आधीच काढून पोत्यांत भरली आहेत, त्याला ही कुणकुण लाभाचीच आहे, कारण मागणी आली नाही तरी त्याचा माल त्याने स्वतःच्या खर्चात पिकवलेला असतो. पण चढलेल्या भावाने शंभर पोती विकत घेऊन दिल्लीच्या ट्रकची वाट पाहणाऱ्याची गोष्ट निराळी असते. तुमच्याजवळचे ४०० शेअर म्हणजे शेतातली रताळी आहेत; ३ लाखांची नवी खरेदी म्हणजे चढ्या भावाने घेतलेली पोती. एकाच कंपनीचे शेअर असले तरी या दोहोंचा विचार एकत्र करू नये, म्हणून मी उत्तरही वेगवेगळे देणार आहे.

नव्या खरेदीचा हिशेब कागदावर मांडून पाहा. १७१ रुपयांनी ३ लाखांत १,७५४ शेअर येतील. घोषणा झाली आणि भाव गटांत सांगतात तसा २०० वर गेला, असे धरू. शेअरमागे २९ रुपये, म्हणजे एकूण ५०,८६६ रुपये मिळतील, आणि बारा महिन्यांच्या आत विकल्यास त्यातून २० टक्के अल्पमुदतीचा कर जाईल. आता घोषणा झालीच नाही, असे धरू. भाव अफवेपूर्वीच्या १४० वर येऊन थांबेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो त्याच्याही खाली जातो, असे मी अनेकदा पाहिले आहे, कारण आशेने शिरलेले सगळे लोक एकाच वेळी बाहेर पडू पाहतात. म्हणून आपण १३० धरू. शेअरमागे ४१ रुपये, म्हणजे ७१,९१४ रुपयांचा तोटा. खाली ४१, वर २९. या आकड्यांनुसार आजचा भाव योग्य ठरायचा असेल, तर शंभरपैकी सुमारे ५९ वेळा हा व्यवहार घडून यायला हवा. बाजार आज तेच म्हणतो आहे. त्याहून जास्त खात्रीने काही सांगण्याजोगे तुमच्याजवळ असेल, तरच या खरेदीला आधार आहे. १४० ला ही बातमी ऐकली असती, तर हिशेब पूर्णपणे वेगळा असता. तेव्हा वर ६० रुपये होते आणि खाली १०. तुम्ही ऐकली तोपर्यंत त्या ६० मधले ३१ इतरांनी घेतले आहेत.

तुमच्या मेहुण्यांचा शब्द हा तो आधार होऊ शकतो का, याविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण नात्यातल्या माणसाचा शब्द आपण सहसा तपासत नाही. त्यांना ही गोष्ट त्या कंपनीत, बँकेत किंवा लेखापरीक्षकाकडे काम करणाऱ्या माणसाकडून खरोखर कळली असेल, तर ती अप्रकाशित आणि भावावर परिणाम करणारी माहिती ठरते. अशा माहितीवर सौदा करणे सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार बेकायदा आहे. सेबी कायद्यात त्यासाठी किमान १० लाख रुपये आणि कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती अशा माणसाकडून कळलेली नसेल, तर ती तीन आठवडे बाजारात फिरणारी तीच चर्चा आहे आणि तिची किंमत भावात आलेली आहे. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी त्या शब्दावर पैसे लावण्याचे कारण उरत नाही. मेहुण्यांचा हेतू चांगलाच असणार. तुमचे भले व्हावे म्हणूनच त्यांनी सांगितले असेल.

आता या अफवेमागच्या तर्काकडे येतो. तंत्रज्ञान कंपनीकडे मोबाइल, ग्राहक आणि पैसा असतो. मनोरंजन कंपनीकडे मालिका, चित्रपट आणि जुन्या कार्यक्रमांचा साठा असतो. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की संध्याकाळची मालिका दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहणे आपल्याकडेही नित्याचे झाले. तेव्हा या दोन धंद्यांनी एकत्र यावे, हा विचार पटण्याजोगा आहे, आणि त्यामुळेच अशा अफवा लवकर पसरतात. परंतु तर्क पटला म्हणजे व्यवहार झाला, असे नव्हे, आणि व्यवहार झाला म्हणजे भागधारकाचे भले झाले, असेही नव्हे.

१० जानेवारी २००० रोजी अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीने टाइम वॉर्नर या मनोरंजन समूहाशी विलीनीकरण जाहीर केले, तेव्हा मी या धंद्यात नवखाच होतो. दूरचित्रवाणी, संगणक आणि दूरध्वनी एक होणार, हे वाक्य आमच्या कार्यालयातला प्रत्येक जण म्हणत होता, आणि त्या उत्साहात मीही एका लहान माध्यम कंपनीचे शेअर घेतले, ज्यांची किंमत पुढे नगण्य झाली. अमेरिकेतले ते विलीनीकरण मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले. त्या एकत्रित कंपनीने २००२ या एका वर्षात जवळजवळ ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला आणि २००९ च्या अखेरीस दोन्ही कंपन्या पुन्हा वेगळ्या झाल्या. एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने तोच समूह घेण्याचे ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर केले. सरकारने न्यायालयात आव्हान दिल्यामुळे व्यवहार जून २०१८ पर्यंत रखडला, आणि २०२२ मध्ये एटी अँड टीने तो धंदा स्वतःपासून वेगळाही काढला.

निव्वळ अफवेवर भाव कसा हलतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण ट्विटरचे आहे. २३ सप्टेंबर २०१६ रोजी मोठ्या कंपन्यांना ट्विटर विकत घेण्यात रस असल्याची बातमी आली आणि शेअर एका दिवसात सुमारे २१ टक्के चढला. पुढच्या दिवसांत इच्छुकांमध्ये गूगल, सेल्सफोर्स आणि डिस्ने यांची नावे घेतली गेली; डिस्नेसारखी मनोरंजन कंपनी तंत्रज्ञान कंपनी घेणार, यावर बरेच लिहिले गेले. गूगल आणि डिस्ने बोली लावणार नाहीत, अशी बातमी आल्यावर ६ ऑक्टोबरला शेअर एका दिवसात सुमारे २० टक्के पडला. या सगळ्याला दोन आठवडे लागले. मधल्या काळात ट्विटरच्या धंद्यात काहीच बदललेले नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण तुम्हाला अधिक जवळचे वाटेल. झी एंटरटेनमेंट आणि सोनीची भारतीय कंपनी यांच्या विलीनीकरणाची घोषणा २२ सप्टेंबर २०२१ रोजी झाली आणि झीचा शेअर एका दिवसात सुमारे ३० टक्के वाढला. येथे अफवा नव्हती, अधिकृत घोषणा होती. डिसेंबर २०२१ मध्ये करारावर सह्या झाल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाची सशर्त मंजुरी मिळाली, ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने योजना मंजूर केली. कागदोपत्री आता काही उरलेले दिसत नव्हते. नव्या कंपनीचे नेतृत्व कोणाकडे राहणार, यावर मतभेद असल्याच्या बातम्या मात्र येत होत्या. २२ जानेवारी २०२४ रोजी, सोमवारी, सोनीने करार रद्द केल्याची सूचना दिली. त्या दिवशी शेअर बाजार बंद होते. मंगळवारी बाजार उघडला आणि दिवसअखेर झीच्या शेअरने आपल्या किमतीचा सुमारे एक तृतीयांश भाग गमावला होता.

अठ्ठावीस महिने, दोन मोठ्या मंजुऱ्या, आणि तरीही व्यवहार मोडला. घोषणा झालेल्या, सह्या झालेल्या व्यवहाराची ही गोष्ट असेल, तर घोषणाच न झालेल्या व्यवहाराला शंभरपैकी ५९ गुण द्यायला माझे मन तयार होत नाही. आणखी एक मुद्दा येथे लक्षात घ्यावा. त्या योजनेत झीच्या भागधारकाला रोख रक्कम मिळणार नव्हती. १०० शेअरच्या बदल्यात नव्या कंपनीचे ८५ शेअर मिळणार होते. ‘२०० चा भाव मिळेल’ असे गटांत लिहिणाऱ्यांनी हे २०० रुपये रोख मिळणार की शेअरच्या अदलाबदलीतून येणार, याविषयी एक शब्दही लिहिलेला नाही, असे तुम्ही पाठवलेल्या मजकुरावरून दिसते. अदलाबदल असेल, तर तुमचा भाव विकत घेणाऱ्या कंपनीच्या भावाला बांधला जातो, आणि विकत घेणाऱ्या कंपनीचा शेअर अशा घोषणेनंतर बऱ्याचदा घसरतो. पीव्हीआर आणि आयनॉक्स यांच्या विलीनीकरणात आयनॉक्सच्या १० शेअरला पीव्हीआरचे ३ शेअर, असे प्रमाण होते. तो व्यवहार मार्च २०२२ मध्ये जाहीर होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे सुरळीत पार पडलेल्या व्यवहारालाही जवळजवळ अकरा महिने लागले.

‘विलीनीकरण’ हा एकच शब्द आपण अनेक वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, ही आणखी एक अडचण आहे. शेअर बाजारात नोंद असलेली मूळ कंपनीच विलीन होणार, की तिची एखादी उपकंपनी, की फक्त चित्रपटांचा साठा विकला जाणार? रिलायन्स आणि डिस्ने यांनी भारतातील माध्यम व्यवसाय एकत्र करण्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. ७०,३५२ कोटी रुपये मूल्य ठरवलेल्या त्या संयुक्त कंपनीचे किंवा तिच्यात आलेल्या व्हायकॉम १८ आणि स्टारच्या कंपन्यांचे शेअर तुम्हाआम्हाला बाजारातून थेट घेता येत नव्हते. त्या काळात ‘या बातमीवर कोणता शेअर घ्यावा’ असे विचारणारे फोन मला येत, आणि थेट लाभ होईल असा शेअर बाजारात नाही, हे सांगितले की लोकांना मी काहीतरी लपवतो आहे असे वाटे.

ओपन ऑफरविषयीही गैरसमज आहे. एखाद्याचा हिस्सा २५ टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत पोहोचला की त्याला इतर भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के शेअर घेण्याचा प्रस्ताव द्यावा लागतो, हे बरोबर आहे. पण त्या प्रस्तावाची किंमत सूत्रानुसार ठरते. ती बाजारभावापेक्षा जास्तच असेल, असे नाही. २०२२ मध्ये एनडीटीव्हीच्या शेअरसाठी अदानी समूहाने २९४ रुपयांचा प्रस्ताव दिला, आणि त्याच सप्टेंबरमध्ये बाजारात तो शेअर ५०० च्या वर गेला होता. ५०० ला घेणाऱ्यांपैकी काहींना प्रस्तावाची किंमत किती आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हते.

येथपर्यंतचा मुद्दा एवढाच, की भावात आशा आधीच धरलेली आहे, व्यवहार नेमका कोणत्या स्वरूपाचा हे कोणालाच माहीत नाही, आणि झालाच तर वेळ लागणार आहे. आता त्या भागाकडे येतो जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: बाहेर पडण्याचा.

काही वर्षांपूर्वी वडगावचे एक यंत्रमागधारक माझ्याकडे आले. मालिका आणि चित्रपट बनवणारी एक लहान कंपनी एका मोठ्या मोबाइल कंपनीकडे जाणार, असे त्यांनी ऐकले होते. शेअर ३८ रुपयांवरून रोज थोडा थोडा, वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जेवढा वाढू शकतो त्या मर्यादेला, चढत निघाला होता. त्यांनी ५९ रुपयांना ५,००० शेअर घेतले. ऑर्डर मीच टाकली, आणि बातमी खोटी ठरली तर काय करायचे, हे मी त्यांना विचारले नाही; ते विचारणे माझे काम होते. शेअर ६१ वर असताना एका संध्याकाळी कंपनीने शेअर बाजाराला कळवले की अशी कोणतीही बोलणी सुरू नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत ते माझ्या कार्यालयात येऊन बसले. सव्वानऊला बाजार उघडला तेव्हा पडद्यावर उजवीकडे विकणाऱ्यांची रांग ६ लाख शेअरची होती आणि डावीकडे, घेणाऱ्यांच्या बाजूला, शून्य. भाव पाच टक्के खाली, खालच्या सर्किटला. आमची ऑर्डर त्या रांगेत कुठेतरी मागे. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “इकायला लावलंय न्हवं, मग घेणार कोणच नाही की हो.” साडेतीनपर्यंत त्यांनी खुर्ची सोडली नाही. असे सहा दिवस झाले. रोज सकाळी नवी ऑर्डर, रोज पाच टक्के खाली, रोज शून्य. सातव्या दिवशी ४२ रुपयांच्या आसपास त्यांचे शेअर गेले. ८० हजारांहून अधिक तोटा झाला, आणि ती रक्कम त्यांनी सूत खरेदीसाठी बाजूला ठेवलेली होती.

‘मी स्टॉप लॉस लावीन’ असे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे, म्हणून हे एवढे विस्ताराने सांगितले. स्टॉप लॉस म्हणजे विशिष्ट भाव आला की विक्रीची ऑर्डर आपोआप जाणे. घेणारा समोर असेल तरच त्या ऑर्डरचा उपयोग होतो. खालचे सर्किट लागले, किंवा रात्री बातमी येऊन सकाळी शेअर एकदम खालच्या भावाला उघडला, तर १६० ला लावलेला स्टॉप लॉस तुम्हाला १६० देत नाही. तुम्ही सांगितलेली कंपनी मोठी आहे आणि तिच्या शेअरमध्ये फ्युचर्सचे व्यवहार होतात, त्यामुळे तिला ठरावीक सर्किट नाही आणि विक्री होऊ शकेल, हे खरे. पण झीलाही ते नव्हते, आणि म्हणूनच एका दिवसात तेवढी घसरण होऊ शकली.

त्यावरून फ्युचर्सचा प्रश्न सुटतोच. फ्युचर्सचा सौदा ठरावीक दिवशी संपतो, आणि विलीनीकरणाची घोषणा तुमच्या सौद्याची तारीख पाहून होत नाही. पंधरा दिवसांत होणार म्हणून घेतलेला सौदा दोन महिने पुढे ढकलत न्यावा लागला, तर प्रत्येक वेळी खर्च होतो, आणि मध्ये भाव उतरला की लगेच पैसे भरावे लागतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. मुलीची फी ज्या घरातून जायची आहे, त्या घराने या वाटेला जाऊ नये, असे मी तुम्हाला कळकळीने सांगतो.

बातमी तपासण्याचा एक मार्ग आता तुमच्या हाती आहे, तो पुष्कळांना माहीत नाही. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून सेबीने एक बंधन घातले आहे: मुख्य प्रवाहातील माध्यमांत आलेल्या अफवेमुळे शेअरच्या भावात लक्षणीय हालचाल झाली, तर त्या हालचालीपासून २४ तासांच्या आत कंपनीने अफवेला दुजोरा द्यावा, ती नाकारावी किंवा खुलासा करावा. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून तिच्या घोषणा उघडा आणि गेल्या तीन आठवड्यांतील प्रत्येक पत्र वाचा. ‘अशी कोणतीही बोलणी सुरू नाहीत’ हा स्पष्ट नकार आहे. ‘कंपनी वेळोवेळी वाढीच्या विविध संधींचा विचार करत असते आणि या टप्प्यावर कळवण्याजोगे काही नाही’ अशी वाक्ये असली, तर त्यातून होकारही काढू नये आणि नकारही. पत्रच नसेल, तर अफवा मुख्य माध्यमांत आलीच नसून केवळ मोबाइलवरील गटांत फिरत असण्याचा संभव मोठा आहे, कारण त्या गटांतल्या मजकुरासाठी हे बंधन नाही.

गटांतला मजकूर कोण आणि कशासाठी लिहितो, हेही पाहिले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये साधना ब्रॉडकास्ट या दूरचित्रवाणी कंपनीविषयी यूट्यूबवर चित्रफिती आल्या. एक बडा उद्योगसमूह ही कंपनी घेणार, एका अमेरिकन कंपनीने तिच्याशी धार्मिक चित्रपटांसाठी ११०० कोटींचा करार केला, असे त्यांत सांगितले होते. सेबीच्या २ मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशानुसार ही माहिती खोटी आणि दिशाभूल करणारी होती, आणि त्या चढत्या भावात संबंधित लोक आपले शेअर विकत होते. आधी २,१६७ असलेली लहान भागधारकांची संख्या ५५,३४३ वर गेली. तुमच्या गटात टीप देणाऱ्याने आपला सेबी नोंदणी क्रमांक दिला आहे का, ते पाहा. सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी आणि संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि तेथे माझे उत्तर बदलेल. तुमच्यावर कर्ज नसते, फीची सोय वेगळी असती आणि शेअरमध्ये पंधरावीस लाखांची गुंतवणूक आधीपासून असती, तर मी म्हटले असते की त्यातील दोन-तीन टक्के रक्कम अशा शक्यतेवर लावायला हरकत नाही, कारण ती गेली तरी घर हलत नाही. विलीनीकरण झाले नाही तरी ही कंपनी १७१ रुपयांना स्वतःच्या कमाईवर घेण्याजोगी आहे, असे तुम्ही तिचे ताळेबंद वाचून ठरवले असते, तरीही मी अडवले नसते. तुमच्या पत्रात मात्र कंपनीच्या नफ्याविषयी, कर्जाविषयी किंवा जाहिरातींच्या उत्पन्नाविषयी काहीच नाही. फक्त घोषणा आहे. त्यामुळे ३ लाखांची ठेव या कारणासाठी मोडू नये. जाता जाता एक: सौहार्द संस्थेतील ठेवीला बँकेतील ठेवीसारखे ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते, तेव्हा मुदत संपल्यावर फीची रक्कम तरी बँकेत ठेवावी.

आधीच्या ४०० शेअरविषयी माझा सल्ला असा आहे की २०० शेअर आजच्या भावाने विकावेत. तुम्ही ते अफवेसाठी घेतलेले नव्हते. आज बाजार तुम्हाला त्या आशेची किंमत आपणहून देतो आहे. २०० शेअरचे ३४,२०० रुपये हाती येतील आणि मूळच्या ५१,२०० रुपयांपैकी उरलेल्या २०० शेअरमध्ये तुमचे केवळ १७,००० रुपये राहतील. दोन वर्षे झालेली असल्यामुळे हा नफा दीर्घमुदतीचा आहे, आणि वर्षभरातील असा एकूण नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर त्यावर कर नाही. घोषणा झाली तर उरलेल्या २०० शेअरमध्ये तुमचा वाटा राहीलच. मेहुण्यांना वाईट वाटेल अशी काळजी असेल, तर त्यांनाही हा २९ आणि ४१ चा हिशेब दाखवा. त्यांनी स्वतः किती भावाने किती शेअर घेतले आहेत, हेही त्यांना विचारा.

घोषणा खरोखरच झाली, तर त्या दिवशी घाईने काही करू नये. शेअर बाजाराकडे आलेले पत्र पूर्ण वाचून रोख की अदलाबदल, प्रमाण किती, कोणकोणत्या मंजुऱ्या लागणार आणि करार मोडल्यास कोण कोणाला काय देणार, एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात आणि मला कळवाव्यात. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ही खेळ बनवणारी कंपनी ९५ डॉलर रोख देऊन घेण्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा त्या दिवसअखेर शेअर ८२ डॉलरच्या आसपास होता आणि व्यवहार पूर्ण व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. घोषणेनंतरही विचार करायला वेळ आणि भावात जागा, दोन्ही राहिले होते. तुमच्या उरलेल्या २०० शेअरचे काय करायचे, ते आपण ते पत्र समोर ठेवून ठरवू.